लॅपटॉपचे सहा आवाज आणि २००४ सालचा ॲम्प

मावशीचा फोन आला तो काकांच्या कानांबद्दल. लॅपटॉपवरून टीव्हीवर सिनेमा लावला की ते दर दोन मिनिटांनी “काय म्हणाला गं तो?” असं विचारतात. मग ती आवाज वाढवते. तेवढ्यात गाणं किंवा मारामारी सुरू झाली की कपाटाच्या काचा थरथरतात आणि ती धावत जाऊन आवाज कमी करते. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन झालं होतं. बहात्तराव्या वर्षी असतात तसेच कान आहेत, यंत्राची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. पूर्वी डीव्हीडी लावायचे तेव्हा ही तक्रार नव्हती, असं मावशी बोलता बोलता म्हणून गेली आणि मी तिथेच थांबले. डीव्हीडी प्लेअर जाऊन लॅपटॉप आला, एवढाच काय तो बदल झाला होता.

शनिवारी सकाळी मी पुण्याला त्यांच्या घरी गेले. काकांचा ॲम्प २००४ सालचा, जपानी बनावटीचा. खरं तर तो पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर चालवणारा ए.व्ही. रिसीव्हर आहे, पण आमच्याकडे त्याला सगळे ॲम्पच म्हणतात. काका पाटबंधारे खात्यात होते. निवृत्तीच्या पैशांतून नाही, नोकरीत असताना दोन वर्षं पैसे बाजूला टाकून त्यांनी तो घेतला होता. मागच्या दोन स्पीकरच्या वायरी त्यांनी स्वतः केसिंग पट्टीतून छताच्या कडेने नेल्या आहेत. ॲम्पच्या मागे प्रत्येक वायरीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर बारीक अक्षरात लिहिलंय: ‘डा. पुढे’, ‘उ. पुढे’, ‘मध्य’, ‘डा. मागे’, ‘उ. मागे’. वीस वर्षांत शाई पिवळट झाली आहे, पण एकही पट्टी सुटलेली नाही.

डीव्हीडी प्लेअरची लेन्स गेल्या वर्षी गेली. मावसभावाने काकांच्या डीव्हीडी एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या आणि आपला लॅपटॉप टीव्हीच्या कपाटात ठेवून दिला. चित्र एचडीएमआयने, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेऊ शकणाऱ्या केबलने, टीव्हीवर जायचं. आवाजासाठी हेडफोनच्या जॅकमधून लाल-पांढऱ्या पिनांची वायर ॲम्पला जोडली होती. आवाज यायचा, म्हणून कोणाला शंका आली नाही. एका दुकानदाराने मात्र येऊन पाहून सांगितलं होतं की यात एचडीएमआय नाही, लॅपटॉपचा सराउंड, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांतून येणारा वेगवेगळा आवाज, यात येणारच नाही, हा भंगारात द्या आणि साउंडबार घ्या. काका त्यावर काही बोलले नव्हते. मावशी म्हणाली, त्या रात्री ते जेवले नाहीत नीट.

दुकानदाराचं म्हणणं निम्मं खरं होतं. एचडीएमआयचा पहिला अधिकृत आराखडा डिसेंबर २००२ मध्ये आला. २००४ सालच्या मधल्या किमतीच्या ॲम्पवर तो नसणारच. पण मागची बाजू टॉर्च लावून पाहिली तर तिथे उजेडाच्या केबलने डिजिटल आवाज घेणारे दोन ऑप्टिकल इनपुट होते, तेच काम साध्या तारेने करणारं एक नारिंगी कोॲक्सिअल होतं, आणि त्याखाली सहा पिनांची एक वेगळी रांग होती, तिच्यावर सहा चॅनेलचं इनपुट असं छापलेलं. पुढच्या काचेवर डॉल्बी डिजिटल, डीटीएस आणि प्रोलॉजिक २ अशी सराउंडच्या रीतींची तिन्ही नावं. एवढं असेल तर त्या ॲम्पला सराउंड कळत नाही असं कोणी म्हणू नये. त्याच्यापर्यंत सराउंड पोचत नव्हता, इतकंच.

तेव्हा मी स्वतःला एकच प्रश्न घातला आणि दोन दिवस तोच धरून बसले: फाइलमध्ये आवाजाच्या सहा वेगळ्या वाटा, म्हणजे चॅनेल, आहेत, खोलीत सहा स्पीकर आहेत, तर मधे कुठे सहाच्या दोन होतात?

पहिली जागा उघड होती. हेडफोनच्या वायरीची पिन हातात घेऊन पाहिली तर तिच्यावर दोन काळ्या रेघा असतात, म्हणजे धातूचे तीन भाग: डावा, उजवा आणि दोघांची मिळून एक ग्राउंड. तिथून तिसरा आवाज जायला जागाच नाही. लॅपटॉप सहा वाटा आधीच दोनांत कालवतो आणि मगच बाहेर देतो.

या कालवण्यात संवादांचं काय होतं, ते इथे महत्त्वाचं. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा रचनेत, बहुतेक सगळे संवाद मधल्या स्पीकरच्या वाटेवर ठेवलेले असतात. दोन स्पीकरांसाठी मिसळताना ती वाट साधारण ३ डेसिबलने उतरवून डावीकडे आणि उजवीकडे सारखी टाकतात. दोन स्पीकरांच्या बरोबर मधे बसलेल्या माणसाला त्यामुळे संवाद पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो. काका मधे बसत नाहीत. त्यांची आरामखुर्ची खिडकीशी आहे, डाव्या स्पीकरपासून पाच फुटांवर, उजव्यापासून अकरा फुटांवर. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि कान तोच खरा मानतो. म्हणजे काकांना संवाद, संगीत, पाऊस, गाड्यांचे हॉर्न, सगळं एकाच डाव्या डब्यातून एकावर एक येत होतं. तरुण कान त्यातून शब्द वेगळे काढतो. बहात्तरीचा कान थकतो. टीव्हीच्या खालचा ‘मध्य’ स्पीकर वर्षभर मुका होता आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी त्याला कान लावला तेव्हा आत साधी खरखरही नव्हती.

जाता जाता एक गोष्ट. त्या लाल-पांढऱ्या वायरीने घुंऽऽ असा बारीक आवाजही सतत यायचा. लॅपटॉपचा चार्जर काढला की तो थांबायचा. चार्जर, सेट-टॉप बॉक्सची केबल आणि ॲम्प यांच्यात त्या वायरीच्या जाळीतून एक वेटोळं तयार होतं आणि घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण आवाजात शिरते. ऑप्टिकल केबलमधून वीज जातच नाही, उजेड जातो. त्यामुळे पुढे ही घुंघुं वेगळा काही उपाय न करताच गेली.

दुसरा प्रयत्न बिनखर्चाचा होता. टीव्हीला मागे ऑप्टिकल आउटपुट होतं. चित्राबरोबर लॅपटॉपचा आवाजही एचडीएमआयने टीव्हीत पाठवता येतो, तर टीव्हीतून ऑप्टिकलने तो ॲम्पला द्यावा. भावाच्या खोलीत एक ऑप्टिकल केबल पडून होती, ती लावली. आवाज आला, पण ॲम्पच्या काचेवर ‘पीसीएम’ अशी अक्षरं उमटली. जुन्या ॲम्पवरची ही लहान अक्षरं फार कामाची आहेत. विंडोज काहीही दाखवो, ॲम्पला प्रत्यक्षात काय पोचलं ते इथे कळतं. ‘पीसीएम’ म्हणजे साधे दोन आवाज. ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ उमटलं तरच आत सहा वाटा आहेत असं धरायचं. बरेच टीव्ही बाहेरून एचडीएमआयने आलेला आवाज ऑप्टिकलवर दोनच वाटांत पुढे देतात. शिवाय टीव्ही लॅपटॉपला आधीच सांगून बसतो की माझ्याकडे दोनच स्पीकर आहेत, म्हणून लॅपटॉपही त्याला सहा देत नाही. हा रस्ता बंद झाला.

दुपारी मी आणि भाऊ बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. आम्हाला एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर हवा होता. काडेपेटीहून थोडी मोठी डबी असते. एका बाजूने लॅपटॉपचं एचडीएमआय आत जातं, दुसऱ्या बाजूने चित्र टीव्हीकडे आणि आवाज ऑप्टिकलवर बाहेर पडतो. दीडेक हजारात मिळाली. घेताना एकच गोष्ट पाहून घ्यायची: तिच्यावर बारीक सरकपट्टी हवी, ‘पास’, ‘२ चॅनेल’ आणि ‘५.१’ अशा तीन खुणांची. ज्या स्वस्त डब्यांवर ही पट्टी नाही त्या या कामाला घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते पुढे येईलच. नवी ऑप्टिकल केबलही घेतली, ऐनवेळी जुनीवर संशय नको म्हणून.

घरी येऊन सगळं जोडलं आणि काहीच ऐकू आलं नाही. नव्या केबलच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचं इवलंसं टोपण असतं. एका टोकाचं काढलं होतं, ॲम्पकडच्या टोकाचं तसंच राहिलं होतं आणि त्यामुळे पिन पूर्ण आत बसली नव्हती. केबल ठीक आहे का हे बघायची पद्धत सोपी आहे: एक टोक चालू डबीत लावायचं आणि दुसऱ्याचा उजेड तळहातावर पाडायचा. तांबडा ठिपका स्वच्छ दिसला पाहिजे. आमच्या हातावर तो डाळिंबाच्या दाण्यासारखा पडला. काका खुर्चीतून उठून बघायला आले, त्यांनी आपलाही तळहात पुढे केला.

टोपण काढल्यावरही शांतताच. जुन्या ॲम्पमध्ये कोणतं बटण कोणत्या पिनेचा आवाज घेणार हे वेगळं ठरवावं लागतं. ‘डीव्हीडी’ बटण वीस वर्षं कोॲक्सिअलला बांधलेलं होतं. रिमोटला नवे सेल घातले, सेटअपमध्ये जाऊन ते ‘ऑप्टिकल १’ला बांधलं, इनपुटची पद्धत ‘ॲनालॉग’वरून ‘ऑटो’वर आणली. आवाज आला.

आता खरा धडा. मी डबीची पट्टी ‘५.१’वर सरकवली. विंडोजच्या साउंडच्या खिडकीत एचडीएमआयचं नाव निवडून ‘कॉन्फिगर’ दाबलं, तर आधी जिथे फक्त ‘स्टिरिओ’ होतं तिथे आता ‘५.१ सराउंड’ही दिसायला लागलं. भाऊ म्हणाला, “झालं काम!” मीही खुशीने ते निवडलं आणि काकांच्या संग्रहातला एक जुना कौटुंबिक सिनेमा लावला.

पडद्यावर एक बाई दारात उभी राहून काकुळतीने काहीतरी सांगत होती. मागे व्हायोलिन वाजत होतं, लांब कुठे कुत्रं भुंकत होतं, दाराची कडी वाजली. तिचा आवाज मात्र कुठेच नव्हता. ओठ हलत होते. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अगं, हे तर आणखीनच बिघडलं. माणसं मुकी झाली.”

विंडोजमध्ये प्रत्येक स्पीकर वेगवेगळा वाजवून बघायची सोय आहे. मी एकेका स्पीकरवर टिचकी मारली. डावा वाजला, उजवा वाजला. मधला, मागचे दोन आणि वूफर, चौघेही गप्प. ॲम्पच्या काचेवर अजूनही ‘पीसीएम’.

रात्री उशिरापर्यंत जागून उलगडा झाला तो असा. एचडीएमआयच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं यंत्र लॅपटॉपला आपली एक ओळखचिठ्ठी दाखवतं. तिला ईडीआयडी म्हणतात. मला कोणतं चित्र झेपतं, कोणता आवाज झेपतो, किती वाटा झेपतात, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पट्टी ‘पास’वर असेल तर डबी टीव्हीची चिठ्ठी जशीच्या तशी पुढे करते, म्हणजे दोनच वाटा. ‘५.१’वर असेल तर ती आपली स्वतःची चिठ्ठी दाखवते: मला डॉल्बी डिजिटल चालतं, डीटीएस चालतं, आणि उघड्या, म्हणजे न दाबलेल्या, पीसीएमच्या सहा वाटाही चालतात. यातलं शेवटचं अर्धवट खरं आहे. एचडीएमआयवरून त्या सहा वाटा डबीत येतात खऱ्या, पण ऑप्टिकलवर त्यातल्या पहिल्या दोनच बाहेर पडतात. बाकी चार तिथेच सांडतात. विंडोजला वाटतं समोर सहा स्पीकर आहेत, म्हणून तो संवाद दोनांत मिसळतही नाही. आधी संवाद निदान कालवलेले तरी होते, आता ते पूर्ण गेले.

सकाळी चहा घेताना काकांना हे सांगत होते तर त्यांनी विचारलं, “पण ऑप्टिकलमधून सहा का जात नाहीत? उजेडाच्या तारेला काय कमी?” प्रश्न अगदी बरोबर होता. तारेला काही कमी नाही. नियम जुना आहे. तारेचा प्लग तोशिबाने १९८३ मध्ये काढला, सीडी प्लेअरसाठी. तिच्यातून आवाज कसा पाठवायचा हे सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलं, म्हणून त्या रीतीला एसपीडीआयएफ म्हणतात. सीडीला दोन वाटा पुरतात, म्हणून उघड्या आवाजाच्या दोनच वाटांची जागा ठेवली. काकांनी विजेचं बिल उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला आकडे मांडले. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन वाटा: १५,३६,००० बिट. सहा वाटा: ४६,०८,०००. “तिप्पट पाणी,” ते म्हणाले. “आणि हे डॉल्बी डिजिटल किती?” डीव्हीडीवर बहुधा ४,४८,००० बिट असतं, मी सांगितलं. फार झालं तर ६,४०,०००. त्यांनी तेही खाली लिहिलं आणि पेन टेकवून थोडा वेळ नुसतं पाहत राहिले. दाबून घडी घातलेले सहा आवाज दोन उघड्या आवाजांच्या जागेत अर्ध्याहून कमी जागा घेऊन बसतात. मग म्हणाले, “म्हणजे घडी लॅपटॉपने मोडायची नाही. ॲम्पने मोडायची.”

यापेक्षा सोप्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं. डीव्हीडी प्लेअर वर्षानुवर्षं हेच करत होता. तबकडीवरची डॉल्बी डिजिटलची घडी तो न उलगडता कोॲक्सिअलने पुढे द्यायचा आणि ॲम्प ती उलगडून सहा स्पीकरांना वाटायचा. लॅपटॉप मात्र प्रत्येक गोष्ट आपणच उलगडायला बघतो.

यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो. डबीची पट्टी ‘५.१’वरच ठेवायची, कारण डॉल्बी आणि डीटीएस चालतं हे तिच्या चिठ्ठीत असलं तरच लॅपटॉप घडी तशीच पाठवायला तयार होतो. पण विंडोजमध्ये स्पीकर मात्र ‘स्टिरिओ’ निवडायचे, म्हणजे जे उलगडलेलं जाईल ते व्यवस्थित दोनांत मिसळून जाईल आणि संवाद सांडणार नाहीत. त्याच खिडकीत ‘प्रॉपर्टीज’मध्ये, ‘ॲडव्हान्स्ड’खाली, ॲपला या उपकरणाचा पूर्ण ताबा घेऊ द्यावा अशी खूण असते, ती चालू हवी. मग सिनेमा दाखवणाऱ्या ॲपला सांगायचं की घडी मोडू नकोस. व्हीएलसी या सिनेमे दाखवणाऱ्या ॲपमध्ये ‘प्रेफरन्सेस’, ‘ऑडिओ’, तिथे एचडीएमआय आणि एसपीडीआयएफ पासथ्रूची, म्हणजे घडी न मोडता पुढे देण्याची, ओळ आहे. ती चालू केली, व्हीएलसी बंद करून परत उघडलं, तोच सिनेमा लावला.

ॲम्पच्या आत रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, टक् केलं. ‘पीसीएम’ विझलं आणि ‘डॉल्बी डिजिटल’ लागलं. शेजारच्या स्पीकरांच्या लहान चौकोनांत पाचही खुणा उजळल्या. बाई बोलली, टीव्हीच्या बरोबर खालून. काकांनी खुर्ची पुढे सरकवली नाही, ते जिथे होते तिथेच बसून राहिले. दृश्य संपेपर्यंत कोणीच काही बोललं नाही.

इथे एक सावधगिरी मनापासून सांगते. अशी घडी चुकून उलगडल्याशिवायच स्पीकरपर्यंत गेली तर ती कर्कश खरखर होऊन बाहेर पडते, आणि तीही पूर्ण जोरात. ॲम्पचं इनपुट ‘पीसीएम’वर पक्कं बांधलेलं असेल तर हे होऊ शकतं. म्हणून पहिल्यांदा लावताना आवाजाची कळ अगदी खाली ठेवा. दुसरं, पासथ्रू चालू असताना लॅपटॉपच्या आवाजाच्या कळा काम करत नाहीत. ते बिघडलेलं नसतं. बंद घडीतला आवाज बाहेरून कमी-जास्त करता येत नाही, तो ॲम्पवरूनच करायचा. आणि टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवायचा.

डीव्हीडींचं काम झालं. पण भावाच्या हार्ड डिस्कवर नवे सिनेमेही होते आणि त्यांतल्या काहींचा आवाज एएसी किंवा डॉल्बी डिजिटल प्लस अशा घड्यांमध्ये होता. २००४ च्या ॲम्पला त्या उलगडता येत नाहीत. त्या लावल्या की पुन्हा ‘पीसीएम’ आणि दोनच आवाज. इथे कोडी या फुकट मिळणाऱ्या ॲपने फार मदत केली. सेटिंग्जची पातळी ‘एक्स्पर्ट’ केली की ‘सिस्टिम’खाली ‘ऑडिओ’मध्ये सगळं उघडतं. वाटांची संख्या २.० ठेवायची, पासथ्रू चालू करायचं, डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस झेपणारा रिसीव्हर आहे असं सांगायचं, आणि प्लस, ट्रूएचडी, डीटीएस-एचडी या खुणा बंद ठेवायच्या. मग ‘डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग’ अशी ओळ दिसते. ती चालू केली की कोडी कुठलीही सहा वाटांची घडी स्वतः मोडतो, तिची डॉल्बी डिजिटलमध्ये नवी घडी घालतो आणि ऑप्टिकलने पाठवतो. वाटांची संख्या २.० ठेवल्याशिवाय ही ओळ दिसत नाही, आणि ५.१ हवं असताना २.० निवडायला मन घेत नाही. मी अर्धा तास तिथेच अडले.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मालिका आणि ओटीटी यांना हा उपाय लागू पडत नाही. तिथला आवाज विंडोजमधून दोन वाटांतच येतो. तो सहाचा करायचा तर चालू आवाजाची तिथल्या तिथे डॉल्बी घडी घालणारं, डॉल्बी डिजिटल लाइव्ह असलेलं साउंड कार्ड लागतं. नाहीतर यूएसबीवर चालणारं ५.१ चं साउंड कार्ड घेऊन त्याच्या तीन जॅकांतून सहा पिना ॲम्पच्या त्या सहा चॅनेलच्या रांगेत द्यायच्या. हा दुसरा मार्ग दिसायला सर्वांत सरळ आहे, आणि गेम खेळणाऱ्याला तोच घ्यावा लागेल. पण काकांसाठी मी तो नाकारला. बहुतेक जुन्या ॲम्पमध्ये त्या रांगेतून आलेला आवाज नुसता मोठा होऊन बाहेर पडतो. लहान स्पीकरांचा खर्ज वूफरकडे वळवणं, स्पीकरांच्या अंतराचा हिशेब, मोठे आवाज दाबणारी रात्रीची पद्धत, यातलं काही त्याला लागू होत नाही. मधला स्पीकर आणि वूफर एकाच जॅकवर असतात आणि काही कार्डांवर त्यांची जागा उलटी असते. मग माणसं वूफरमधून पोटातून बोलल्यासारखी बोलतात. शिवाय सहा उघड्या वायरी म्हणजे ती घुंघुं परत.

त्याऐवजी दोन वाटांच्या सगळ्या गोष्टींसाठी ॲम्पमधलंच प्रोलॉजिक २ ‘मूव्ही’वर लावून ठेवलं. २००० साली आलेली ही रीत. डाव्या आणि उजव्या वाटेत जे अगदी सारखं असतं ते ती मधल्या स्पीकरला देते, आणि संवाद दोन्हीकडे सारखेच असतात. काकांच्या संग्रहातल्या जुन्या मराठी कृष्णधवल सिनेमांना तर याचा सर्वांत जास्त फायदा झाला. त्यांचा मूळ आवाज एकाच वाटेचा. दोन्हीकडे तंतोतंत तोच, म्हणून तो सगळाच्या सगळा मधल्या स्पीकरमधून, पडद्याच्या खालून येतो. तसाच तो थिएटरातही पडद्यामागच्या एकाच ठिकाणाहून यायचा. काकांना त्यात पाच स्पीकर हवेच नव्हते.

दुपारी मोजपट्टी काढली. ॲम्पला प्रत्येक स्पीकरचं अंतर सांगावं लागतं. आवाजाला एक फूट कापायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो, त्या हिशेबाने तो जवळच्या स्पीकरला थांबवून धरतो. सेटअपमधली अंतरं २००४ सालची होती, सोफ्याच्या मध्यापासूनची. तेव्हा आरामखुर्ची नव्हती. मी मावशीला विचारलं, कुठून मोजू? ती म्हणाली, “त्यांच्या खुर्चीतून मोज. मला सगळीकडून ऐकू येतं.” काका खुर्चीत बसले, भावाने टेपचं टोक त्यांच्या कानाजवळ धरलं, मी आकडे भरत गेले. पाच लहान स्पीकर ‘स्मॉल’ केले, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं वूफरला दिलं. मग ॲम्पची चाचणीची सळसळ एकेका स्पीकरमधून फिरवली आणि काका सांगतील तसं सारखं केलं. मधला मी त्यावर आणखी २ डेसिबल चढवला. जाणकार याला चूक म्हणतील. पण ती खोली काकांसाठी लावायची होती.

सर्वांत उपयोगी सोय सगळ्यात शेवटी सापडली. डॉल्बी डिजिटलच्या घडीत आवाजाबरोबर काही सूचनाही असतात. ॲम्पची रात्रीची पद्धत चालू केली की त्या सूचना वापरून तो मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज उचलतो. कुजबुज ऐकू येते आणि स्फोटाने काचा थरथरत नाहीत. मावशीची धावपळ या एका बटणाने थांबली. लॅपटॉप घडी मोडून पाठवत होता तोवर ते बटण दाबूनही काही होत नव्हतं.

ओठ आणि आवाज यांत थोडी तफावत होती. टीव्ही चित्रावर बरेच संस्कार करतो, त्याला वेळ लागतो, आणि आवाज पुढे निघून जातो. टीव्ही ‘गेम’वर टाकल्यावर बरंचसं जुळलं, उरलेलं कोडीत आवाज किंचित मागे ओढून. एक उणीव राहिली आहे. दर वेळी काही सुरू केलं की ॲम्पला घडी ओळखायला क्षणभर लागतो आणि पहिला शब्द अर्धा कापला जातो. त्यावर मला उपाय सापडला नाही. काका म्हणतात, सुरुवातीला पाट्याच तर असतात.

निघताना मी ॲम्पच्या बाजूला एक चिकटपट्टी लावली आणि काकांच्याच पद्धतीने बारीक अक्षरात लिहिलं: ‘डबी ५.१, विंडोज स्टिरिओ’.

महिन्याभराने मावशीचा फोन आला. भावाने लॅपटॉपवर कसलंतरी अपडेट टाकलं होतं, तो कॉलेजला गेला होता, आणि माणसं परत मुकी झाली होती. मी विचारलं, काचेवर काय लिहिलंय? “पीसीएम,” ती म्हणाली. मी पुढे काही सांगायच्या आत तिनेच चिकटपट्टी मोठ्याने वाचली. मग फोनवर माउसच्या टिचक्या ऐकू आल्या, चार-पाच, मधे थोडी शांतता, मग लांबून ॲम्पचा रिले टक् वाजला. “लागलं बघ डॉल्बी,” ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.